दांडी मारा, पण सुरात!

ऑफिसला दांडी मारायची तर बॉसला पटेल असं कारण शोधावं लागतं. इलेक्ट्रिक गिटारची दांडी मारायला मात्र कारण लागत नाही. हात आपोआप तिकडे जातो. गाण्याचा शेवटचा कॉर्ड घुमत असतो, ब्रिजला लावलेला तो वाकडा स्टीलचा दांडा तुम्ही हलकेच दाबता, सूर असा काही झुकतो की बेडरूममध्ये एकटे असलात तरी समोर अख्खं स्टेडियम दिसायला लागतं. प्रॉब्लेम सुरू होतो तो पुढच्या गाण्याच्या पहिल्या कॉर्डला. आत्ताच तर ट्यून केली होती, आणि आता सहाच्या सहा तारा सहा दिशांना!

यानंतर लोक सहसा तीनपैकी एक गोष्ट करतात. काहीजण दांडी काढून ड्रॉवरमध्ये टाकतात, मोबाइलच्या जुन्या चार्जरशेजारी. काहीजण क्रेडिट कार्ड काढून महागडे ट्यूनर मागवतात. आणि काहीजण गिटारच कपाटावर ठेवतात. ‘आपल्याच्यानं काही हे व्हायचं नाही’ म्हणतात, आणि पहिल्या पगारातून घेतलेल्या त्या लाल, निळ्या किंवा सनबर्स्ट स्वप्नावर धूळ बसायला लागते. यातला तिसरा प्रकार बघून जाम वाईट वाटतं. कारण त्या माणसाचा कान ठणठणीत असतो, बोटंही ठीक असतात. बिनसलेलं असतं ते गिटारच्या पाठीमागच्या दोन स्क्रूंचं, नाहीतर नटच्या एखाद्या खाचेचं.

तेव्हा मंडळी, या आठवड्याचा फंडा एका ओळीत: ट्रेमोलो ही रस्सीखेच आहे. दोन्ही बाजू तोडीस तोड असतील आणि मध्ये दोर कुठे अडकत नसेल, तर दांडी कितीही दाबा, सूर घरी परत येतो. नवीन पार्ट घ्यायच्या आधी हा दोर कुठे अडकतोय ते शोधायचं. बस्स!

नावातच घोळ

आधी थोडी जन्मकुंडली. १९५४ मध्ये अमेरिकेत लिओ फेंडर यांनी स्ट्रॅटोकॅस्टर बाजारात आणली. हे गृहस्थ मूळचे कॅलिफोर्नियातले रेडिओ दुरुस्त करणारे. स्वतः गिटार वाजवायचे नाहीत, पण वाजवणाऱ्यांच्या तक्रारी मन लावून ऐकायचे. स्ट्रॅटच्या ब्रिजमध्ये त्यांनी दांडी, पोलादी ठोकळा आणि स्प्रिंगा अशी जी यंत्रणा बसवली, तिचं पेटंट १९५६ मध्ये मिळालं आणि त्यात तिचं नाव पडलं ट्रेमोलो.

गंमत अशी की हे नावच चुकीचं आहे. संगीतात ट्रेमोलो म्हणजे आवाज लहान-मोठा होणं. सूर वर-खाली होतो त्याला व्हायब्रॅटो म्हणतात. दांडी सूर हलवते, म्हणजे ती व्हायब्रॅटोची. बरं, त्याच कंपनीच्या जुन्या अँप्लिफायरवर ‘व्हायब्रॅटो’ लिहिलेलं बटण असतं, ते आवाज लहान-मोठा करतं, म्हणजे ते ट्रेमोलोचं! दोन्ही पाट्या उलट्या लागल्या आणि जगाने तशाच वापरल्या. आपणही ट्रेमोलोच म्हणू या.

या दांडीने काय काय केलं बघा. १९६० साली इंग्लंडच्या ‘द शॅडोज’चा हँक मार्विन ‘अपाची’मध्ये ती अगदी हळुवार हलवत होता, पाण्यावर तरंग उठावा तशी. १९६९ मध्ये वुडस्टॉकला जिमी हेंड्रिक्सने याच दांडीने अमेरिकेच्या राष्ट्रगीतातून बॉम्ब आणि विमानांचे आवाज काढले. आणि १९८९ मध्ये जेफ बेकने ‘व्हेअर वेअर यू’ या तुकड्यात हार्मोनिक्स आणि दांडी यांच्या जोरावर अख्खी चाल गायली. हो, गायलीच म्हणायचं. मींड ऐकत वाढलेल्या आपल्या कानांना ते लगेच ओळखीचं वाटतं. सतारिया तार पडद्यावर खेचून एका सुरातून दुसऱ्यात जातो, बेक दांडी पेलून जातो. रस्ता वेगळा, मुक्काम एकच.

पुढून तारा, मागून स्प्रिंगा

आता गिटार पालथी करा. खाली टॉवेल घाला, पॉलिशवर ओरखडे नकोत. पाठीवरच्या प्लास्टिकच्या झाकणाचे स्क्रू काढा. आत एका बाजूला ब्रिजचा ठोकळा दिसेल, त्यातून तारा पुढे जातात. दुसऱ्या बाजूला दात असलेली एक लोखंडी पट्टी दिसेल. हिला क्लॉ म्हणजे पंजा म्हणतात. ठोकळा आणि पंजा यांच्यामध्ये स्प्रिंगा ताणलेल्या असतात. बहुतेक गिटारमध्ये तीन, जागा मात्र पाचची असते. पंजा दोन लांब स्क्रूंनी लाकडात पकडलेला असतो. हेच ते दोन स्क्रू, आजच्या कहाणीचे हीरो.

पंज्याला एक वायर सोल्डर केलेली असते, तिला धक्का लावू नका. ती अर्थिंगची. ती तुटली तर अँपमधून घूंऽऽ असा आवाज सुरू होतो आणि तुम्ही भलतीकडेच दोष शोधत बसता.

समोरून तारा ब्रिजला मानेच्या दिशेने ओढतात, मागून स्प्रिंगा त्याला धरून ठेवतात. हा ओढा किरकोळ नाही हं. ९ ते ४२चा सेट स्ट्रॅटसारख्या गिटारवर नेहमीच्या सुरात लावला की सहा तारांचा मिळून ओढा साधारण ३८ किलोंचा होतो. १० ते ४६चा सेट लावलात तर ४७ किलोंच्या आसपास. म्हणजे जवळजवळ सिमेंटची गोणी! दुकानदाराने ‘सर, टेन नंबर घ्या, टोन भारी येतो’ म्हटलं आणि तुम्ही घेतलात, की एका बाजूला नऊ किलो वाढले. मागच्या स्प्रिंगांना कुणी विचारलंच नाही. मग ब्रिजचा मागचा भाग वर उचलला जातो, तारा उंच होतात, बोटं दुखतात आणि आपण म्हणतो, ‘नवीन तारा बोगस निघाल्या.’

या रस्सीखेचीमुळेच पहिली तार चढवली की बाकीच्या उतरतात, त्या चढवाव्या तर पहिली उतरते. ब्रिज तरंगता असेल तर असं होणारच, तो बिघाड नाही. दोन-तीन फेऱ्यांत तोल साधतो. तार तुटली की उरलेल्या पाच एकदम चढतात, तेही यामुळेच. समोरच्या टीममधला एक गडी पडला, दुसरं काय!

आधी निदान, मग औषध

तुमचा सूर नक्की कुठे हरवतो हे शोधायला दोन मिनिटं पुरतात. क्लिप-ऑन ट्यूनर लावा किंवा मोबाइलवरचं अ‍ॅप उघडा. गिटार नीट ट्यून करा. आता दांडी चांगली खाली दाबा, सोडा आणि प्रत्येक तार तपासा.

तार चढलेली सापडली, तर संशय नटवर. कसं ते समजून घ्या. दांडी दाबली की तार सैल पडते आणि नटच्या खाचेतून थोडी खुंट्यांकडे सरकते. दांडी सोडल्यावर तिने तेवढीच परत यायला हवं. खाच अरुंद किंवा खरखरीत असेल तर ती तिथेच अडकते, आणि नट ते ब्रिज या भागातला ताण जास्त राहतो. म्हणून सूर चढा. खात्री करायची असेल तर ती तार बोटाने मधोमध हलकेच वर ओढून सोडा. सूर जागेवर आला? मग गुन्हेगार नटच!

दांडी वर ओढून सोडल्यावर तार उतरलेली सापडली, तरी संशय नटवरच, फक्त दिशा उलटी. अशा वेळी नटच्या मागे, खुंट्यांच्या बाजूला तार बोटाने दाबून बघा.

दांडी दाबल्यावर तार उतरलेली सापडली, तर बहुतेक वेळा तारा नवीन आहेत आणि ताणल्या गेलेल्या नाहीत, किंवा खुंटीवरचे वेढे ढिले आहेत.

आणि सगळ्याच तारा एकाच दिशेने हलल्या असतील, तर ब्रिज स्वतःच्या जागी परत येत नाहीये. तो कुठेतरी घासतोय.

बघा, चार लक्षणं आणि चार वेगळे रोग. महागडे ट्यूनर यातल्या एका वेढ्यांच्या भानगडीवरच इलाज करतात. म्हणून म्हटलं, कार्ड खिशातच ठेवा.

इलाज घरातच आहे

नटसाठी: ट्यून करताना खुंटी फिरवली की ‘टिंग’ असा बारीक आवाज येतो आणि सूर एकदम उडी मारतो ना? तो नटचा टाहो आहे. तार सैल करून खाचेतून बाजूला काढा. जुन्या टूथब्रशने खाच साफ करा. शाळेतल्या साध्या मऊ पेन्सिलीचं टोक खाचेत फिरवा. तिचं शिसं म्हणजे ग्रॅफाइट, उत्तम कोरडं वंगण. भुकटीत टाचणीच्या टोकावर येईल एवढं व्हॅसलिन मिसळलं तर आणखी चांगलं. खाच कानशीने कोरायच्या फंदात मात्र घरी पडू नका. खाच खोल गेली की तार पडद्यांवर खडखडते, आणि मग नटच बदलावा लागतो.

तारांसाठी: खुंटीवर दोन ते तीन वेढे पुरेत. सात-आठ वेढ्यांचं जानवं नको. नवी तार लावली की ट्यून करा, बोटाने हलकेच ओढून ताणा, परत ट्यून करा. सूर उतरायचा थांबेपर्यंत हेच. कंटाळवाणं आहे, पण प्रत्येक तारेला चार-पाच वेळा करावंच लागतं.

ब्रिजसाठी: जुन्या पद्धतीच्या ब्रिजला समोर सहा स्क्रूंची रांग असते. नव्या, स्वस्त गिटारमध्ये हे सहाही कधीकधी करकचून पिळलेले सापडतात. मग ब्रिज हलणार कसा? तारा सैल करा, ब्रिज बॉडीवर सपाट टेकू द्या. मधले चार स्क्रू पत्र्यापासून साधारण दीड मिलिमीटर वर आणा. कडेचे दोन पत्र्याला जेमतेम टेकतील एवढेच ठेवा. आता ब्रिज त्या दोघांवर झुलेल, मधले चार नुसते पहारा देतील. जिथे पत्रा स्क्रूला टेकतो तिथे शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब इअरबडने लावा. थेंब म्हणजे थेंब, पळीभर नाही. लाकडात तेल मुरलं तर ते निघत नाही.

व्हिजिटिंग कार्डांचा खरा उपयोग

आता मुख्य कार्यक्रम, तोल साधणं. साहित्य: एक दणकट स्टार स्क्रू ड्रायव्हर, ट्यूनर, स्टीलची पट्टी आणि गेल्या कॉन्फरन्समध्ये गोळा केलेली व्हिजिटिंग कार्डं, ज्यांच्या मालकांना तुम्ही कधीच फोन करणार नाही.

सहा स्क्रूंचा जुन्या पद्धतीचा ब्रिज तरंगता ठेवायचा तर मागच्या कडेखाली सुमारे ३.२ मिलिमीटर फट ठेवायची, अशी फेंडरची शिफारस आहे. दोन खांबांवर झुलणाऱ्या नव्या ब्रिजसाठी २.४ मिलिमीटर. पट्टीने मोजून तेवढ्या जाडीची कार्डांची गड्डी करा.

एक. तारा थोड्या सैल करा आणि पंज्याचे दोन्ही स्क्रू घड्याळाच्या दिशेने फिरवून घट्ट करा, म्हणजे स्प्रिंगांची बाजू मुद्दाम वरचढ होईल. दोन्ही स्क्रू सारखे फिरवा, एकाला अर्धा फेरा तर दुसऱ्यालाही अर्धा.

दोन. दांडी दाबा. ब्रिजची मागची कड उचलली जाईल. गड्डी तिच्याखाली सरकवा आणि दांडी सोडा. ब्रिजने गड्डी दाबून धरली पाहिजे.

तीन. आता गिटार नीट ट्यून करा. ब्रिज तात्पुरता एका जागी बसलाय, त्यामुळे ट्यूनिंग पटकन होतं. ट्यून केल्यावर गड्डी सैल पडली, तर पंजा आणखी घट्ट करून परत ट्यून करा.

चार. पंज्याचे स्क्रू अर्धा-अर्धा फेरा सैल करत जा. प्रत्येक वेळी गड्डी हलवून बघा. एक क्षण असा येईल की गड्डी अलगद बाहेर सरकेल. थांबा! हाच तो तोल. तारा सुरात आहेत, फट बरोबर आहे आणि दोन्ही टीम समसमान.

पाच. परत एकदा ट्यून करा, दांडी हलवा, तपासा. झाकण लावा.

यानंतर तारांचा नंबर किंवा ट्यूनिंग बदललं नाहीत, तर या स्क्रूंकडे वारंवार जायची गरज पडत नाही. तारा बदलताना एकेक करून बदला, सगळ्या एकदम काढू नका. रस्सीखेचीत एका टीमने एकदम दोर सोडला तर काय होतं, ते शाळेत बघितलंय ना? आणि स्प्रिंग काढायची वेळ आलीच तर तारा पूर्ण सैल करा, पक्कड वापरा आणि डोळ्यांवर चष्मा असू द्या. सुटलेली स्प्रिंग मुरवत ठेवत नाही.

दांडीच ढिली असेल तर

बहुतेक साध्या गिटारमध्ये दांडी आट्यांवर बसते. ती खळखळत असेल किंवा हात सोडल्यावर धपकन खाली लोंबत असेल, तर प्लंबर नळाच्या आट्यांवर गुंडाळतो ती पांढरी टेफ्लॉन टेप आणा. हार्डवेअरच्या दुकानात वडापावच्या पैशांत मिळते. दांडीच्या आट्यांवर, ती पिळायच्या दिशेने, दोन-तीन वेढे द्या आणि लावा. खळखळ बंद! काही ब्रिजमध्ये दांडीच्या भोकाच्या तळाशी इवलीशी स्प्रिंग असते, तिचंही काम हेच. गिटार उलटी केली की ती गुपचूप पडते आणि झाडूबरोबर केरात जाते. तेव्हा लक्ष असू द्या.

दांडी हरवली आणि नवी घ्यायची असेल तर जपून. अमेरिकन बनावटीच्या कित्येक गिटारींना १०-३२ मापाचे आटे असतात, आशियाई बनावटीच्या पुष्कळ गिटारींना ५ किंवा ६ मिलिमीटरचे. यातला १०-३२ जाडीला ४.८ मिलिमीटरच्या थोडा वर भरतो, म्हणजे ५ मिलिमीटरच्या एवढा जवळचा की डोळ्यांना फरक कळत नाही. सुरुवातीला जातोय असं वाटतं, मग अडतो, मग आपण जोर लावतो आणि ठोकळ्याचे आटे जातात. नियम साधा आहे, दोन बोटांनी जी पिळली जात नाही ती दांडी तुमची नाही.

आणि लोकलने, मेट्रोने किंवा शेअर रिक्षाने जाताना दांडी काढून बॅगेच्या खिशात ठेवा. गर्दीत धक्का बसून ती ठोकळ्याशी तुटली की तुटका तुकडा आतच राहतो. तो काढणं हे घरचं काम नाही.

तरंगता की टेकलेला?

माझ्या एका मित्राची गिटार एका दुरुस्तीवाल्याकडे गेली. तक्रार एकच, दांडी दाबली की बेसूर होते. दोन दिवसांनी गिटार परत आली. सूर एकदम पक्का, पण दांडी जागची हलेना. हा परत दुकानात.

‘काका, दांडी हलतच नाहीये.’

‘हलणार कशी? आत लाकूड ठोकलंय. आता आयुष्यात बेसूर होणार नाही बघ.’

काकांचं तांत्रिकदृष्ट्या काही चुकलं नव्हतं. ब्रिज ब्लॉक करणं ही मान्यताप्राप्त गोष्ट आहे. खुद्द एरिक क्लॅप्टनच्या स्ट्रॅटमध्ये ठोकळा घालून ट्रेमोलो बंद केलेला असतो, पाचही स्प्रिंगा लावून. पण क्लॅप्टनला ती नको होती म्हणून! माझ्या मित्राला हवी होती. त्याला कुणी विचारलंच नाही, एवढाच मुद्दा.

म्हणून दुकानात जाण्याआधी तुमचं तुम्ही ठरवा. दांडी दोन्ही बाजूंना हलवायची असेल तर ब्रिज तरंगता हवा. त्याची किंमत म्हणजे एक तार बोटाने खेचली की बाकीच्या किंचित उतरतात, आणि तार तुटली की गाणं संपलं. दांडी फक्त खाली दाबायची असेल तर ब्रिज बॉडीवर टेकलेला ठेवा. कार्डांशिवाय ट्यून करा आणि ब्रिज टेकलेलाच राहील इतपत पंजा घट्ट करा, वर अर्धा फेरा जादा. सूर वर ओढता येणार नाही, पण ट्यूनिंग भक्कम राहतं. नवशिक्यांसाठी, आणि ज्यांना आठवड्यातून दोनच संध्याकाळी मिळतात त्यांच्यासाठी, हा मधला मार्ग झकास आहे.

फ्लॉइड रोझवाल्यांनो

तुमच्या गिटारच्या नटवर तारा दाबून धरणाऱ्या पट्ट्या असतील आणि ब्रिजवर छोट्या खुंट्या, तर तुमची पार्टी वेगळी. फ्लॉइड रोझ या अमेरिकन गिटारवाल्याने नटच्या घर्षणाचा प्रश्न मुळातच निकालात काढला. तार दोन्ही टोकांना कुलूपबंद केली की ती सरकणार कुठे? त्याचं पेटंट १९७९चं, आणि एडी व्हॅन हेलनने ही यंत्रणा जगभर गाजवली.

तोलाचा नियम मात्र इथेही तोच. बाजूने बघितल्यावर ब्रिजचा पत्रा बॉडीला समांतर दिसला पाहिजे, तिरपा असेल तर पंजा फिरवा. नट कुलूपबंद करण्याआधी छोट्या खुंट्या मधोमध आणून ठेवा, नाहीतर नंतर फिरवायला जागाच उरत नाही. आणि ब्रिजची उंची ठरवणारे दोन खांब तारा ताणलेल्या असताना कधीही फिरवू नका. ब्रिज तिथे सुरीसारख्या धारेवर टेकलेला असतो. ताणाखाली खांब फिरला की धार बोथट होते, मग ब्रिज कधीच एका जागी परत येत नाही.

घाम, पाऊस आणि थोडी शिस्त

आपल्याकडे जून ते सप्टेंबर लाकूडही ओलं होतं आणि माणूसही. दमट हवेत मान थोडी वाकते, तारांची उंची बदलते, आणि लोक घाईघाईने पंजा फिरवायला लागतात. आधी फट मोजा. ती जशीच्या तशी असेल तर दोष ब्रिजचा नाही, मानेचा आहे. वाजवून झाल्यावर ब्रिज आणि तारा कोरड्या सुती फडक्याने पुसा. खारट घामाने ब्रिजचे बारीक स्क्रू गंजतात आणि पुढे फिरतच नाहीत. बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या फेकू नका, बॅगेत टाका.

टेक्निशियनकडे जाण्यासारखी चारच कामं आहेत: नटच्या खाचा कोरणं, तुटलेली दांडी काढणं, लाकडात भोक पडून पंज्याचा किंवा ब्रिजचा स्क्रू नुसताच फिरणं, आणि बोथट झालेली धार. तिथेही नुसतं ‘बेसूर होते’ म्हणून गिटार टेकवू नका. सांगा, ‘नऊ नंबरच्या तारा लावतो, ब्रिज तरंगता हवाय, फट तीन मिलिमीटर, आणि दांडी दाबली की तिसरी तार चढते.’ एवढं ऐकलं की समोरच्याचा सूरही बदलतो. तो तुम्हाला विचारून काम करतो.

तर या रविवारी कपाटावरची गिटार खाली काढा. एक तास, एक पेन्सिल, एक स्क्रू ड्रायव्हर आणि दहाएक व्हिजिटिंग कार्डं. गिटार विकायची जाहिरात टाकायची असेल तर ती त्यानंतर टाका. मला वाटतं, गरज पडणार नाही. सोमवारी मात्र वेळेवर ऑफिसला पोहोचा. तिथे दांडी मारली तर परत सुरात यायला दोन स्क्रू पुरत नाहीत!